ताटातलं तेल आणि डोळ्यांतला कोरडेपणा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या कडेवर बोट ठेवा. त्या हाडाच्या आतल्या बाजूला, वरच्या पापणीमागे, बदामाच्या आकाराची अश्रुग्रंथी असते. निरोगी असेल तर ती हाताला लागत नाही. डोळ्यातलं पाणी मुख्यतः तिथे तयार होतं. आता आरशासमोर उजेडात उभं राहून खालची पापणी किंचित खाली ओढा. पापणीच्या केसांच्या लगेच मागे, पापणीच्या काठावर, बारीक ठिपक्यांची एक रांग दिसेल. ती पापणीतल्या तेलग्रंथींची तोंडं. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० असतात.

या दोन ठिकाणांची ओळख आधी करून घेतलेली बरी, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं. अश्रुग्रंथी पाणी देते, तेलग्रंथी त्या पाण्यावर तेलाचा अगदी पातळ थर पसरवतात आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पेशी एक बुळबुळीत पदार्थ सोडतात, त्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं. दर वेळी पापणी मिटते तेव्हा हे तिन्ही थर पुन्हा सारखे होतात. तेलाचा थर विस्कटला की पाणी पटकन उडून जातं. पाणीच कमी पडलं तर तेल कितीही असलं तरी उपयोग नाही.

जास्त चरबीच्या आहाराने काय होतं

बरेच जण समजतात की तेलकट खाल्लं की डोळ्यातलं तेल वाढतं, किंवा डोळे कोरडे पडले म्हणून वाटीभर तूप खावं. तसं होत नाही. पापणीतलं तेल ग्रंथी स्वतः बनवतात, त्याची घडण खाण्याच्या तेलापेक्षा वेगळी आणि मेणाच्या जवळची असते. आहारातल्या जादा चरबीने त्याचं प्रमाण सुधारत नाही, दर्जा मात्र बिघडू शकतो.

अश्रुग्रंथीवरचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत. त्यांना नेहमीच्या खाद्याऐवजी भरपूर चरबीचं खाद्य दिलं तेव्हा ग्रंथीच्या पेशींमध्ये चरबीचे थेंब साठले, दाह निर्माण करणाऱ्या पेशी आत शिरल्या, पेशींमधली ऊर्जाकेंद्रं बिघडली आणि पाणी कमी झालं. यकृतात चरबी साठते ते आपण ऐकलेलं असतं. अश्रुग्रंथीतही तसंच काहीसं घडतं. खाद्य पुन्हा साधं केल्यावर बिघाड काही अंशी भरून आला, ही त्यातली दिलासा देणारी बाजू. उंदरांच्या खाद्यात चरबीचं प्रमाण आपल्या ताटापेक्षा खूप जास्त ठेवलेलं असतं, म्हणून हे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावायचे नसतात. दिशा मात्र स्पष्ट आहे.

माणसांमध्ये जास्त पुरावा आहे तो पापणीच्या तेलग्रंथींबद्दल. ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तात फिरणारी चरबी) वाढलेलं असतं, त्यांच्यात तेलग्रंथींचा विकार अधिक आढळतो. निरोगी ग्रंथीतून दाबल्यावर खोबरेल तेलासारखं स्वच्छ, पातळ तेल येतं. बिघडलेल्या ग्रंथीतून टूथपेस्टसारखं घट्ट, पांढरट येतं, किंवा काहीच येत नाही. असं घट्ट तेल शरीराच्या तापमानाला नीट वितळत नाही, तोंडाशी साचतं, मागे दाब वाढतो आणि काही वर्षांत ग्रंथी सुकून जाते. सुकलेली ग्रंथी परत येत नाही. म्हणून या विकारात लवकर हात घालणं महत्त्वाचं.

तिसरा मार्ग मधुमेहाचा. वर्षानुवर्षं जादा चरबी आणि जादा पीठ-साखर खाऊन वजन वाढलं, साखर वाढली, की बुबुळावरच्या नाजूक नसा क्षीण होतात. डोळा कोरडा पडल्याची खबर या नसाच अश्रुग्रंथीपर्यंत पोचवतात. नस मंद झाली की डोळा कोरडा असूनही फारसा खुपत नाही, आणि पाणीही येत नाही. मधुमेही माणसाने “मला काही त्रास नाही” म्हणून गप्प बसू नये, ते यासाठी.

पहिला आठवडा: फक्त नोंद

लगेच काही बदलू नका. सात दिवस एका कागदावर तीन गोष्टी लिहा: डोळे कधी खुपतात, तेव्हा तुम्ही कुठे होता, आणि त्या दिवशी तळलेलं किती खाल्लं.

सकाळी उठताना पापण्या चिकटलेल्या, चिपडं जास्त, पापणीचा काठ लाल आणि दिवस वर येईल तसं बरं वाटत असेल तर संशय पापणीच्या तेलग्रंथींवर आणि काठाच्या सुजेवर. सकाळी बरं आणि नवी मुंबईत ऐरोली किंवा महापेच्या ऑफिसात दुपारी चारनंतर वाळू गेल्यासारखं वाटत असेल तर पाणी उडून जातंय, म्हणजे एसी आणि स्क्रीनचा हात मोठा आहे. दोन्ही एकत्र असणं तर फारच नेहमीचं. डोळ्यांतून सारखं पाणी गळतं, मग कोरडे कसे, असा प्रश्न हमखास पडतो. कोरडेपणाने बुबुळ चिडतं आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते पाणी टिकत नाही, गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडा.

घरची एक सोपी चाचणी: पंखा बंद करा, दोनदा पापण्या मिटा आणि मग डोळे उघडे ठेवून सेकंद मोजा. दहाच्या आत चुरचुरायला लागलं तर नोंद करा. दिवसातून एकदाच, ठरावीक वेळी करा. हे निदान नव्हे, महिन्याभराने फरक पडला का ते कळण्यासाठीचं माप आहे. अंधुक दिसणं पापणी मिटल्यावर साफ होत असेल तर ते अश्रूंच्या थरामुळे. मिटूनही साफ होत नसेल तर नंबर किंवा मोतीबिंदू तपासून घ्यायला हवा.

तेलाचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरीच्या दिवसासाठी तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. चहाचा सपाट चमचा म्हणजे ५ मिलि, वजनाने साधारण साडेचार ग्रॅम. म्हणजे माणशी दिवसाला सहा चमचे, आणि यात फोडणी, पोळीवरचं तूप, पावाचं बटर, बाहेरचा वडा सगळं आलं.

चमचे मोजत बसणं दोन दिवसांत सुटतं. महिन्याचा हिशेब टिकतो. चार मोठ्या माणसांच्या घराला ३० दिवसांचे सुमारे ३२४० ग्रॅम, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. त्यात अर्धा किलो तूप लागत असेल तर तेल तीन लिटर उरलं. ५ लिटरचा कॅन उघडाल त्या दिवशी त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. तो सहा आठवडे पुरला तर ठीक. तीन आठवड्यांत संपला तर प्रमाण दुप्पट आहे, आणि बाहेरचं खाणं अजून मोजलेलंच नाही.

तळणाचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तळणीआधी तेल मोजा, तळून झाल्यावर पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा मोजा आणि फरकाला नगांनी भागा. हे एकदा केलं की पुरी किती तेल पिते ते डोळ्यांसमोर येतं. कणकेचा छोटा गोळा टाकल्यावर तो लगेच वर आला तर तेल तापलेलं आहे. गोळा तळाशीच बसून राहिला तर तेल गार, आणि गार तेलात भजी तेल पितात. पिठात सोडा जास्त पडला तरी तेच. कढईत एकदम खूप भजी सोडली की तेलाचं तापमान उतरतं, म्हणून घाण्यात थोडीच सोडा. कडकडीत मोहन जास्त घातलेली चकली खुसखुशीत होते खरी, पण तेही तेल मोजणीत धरायचं.

तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वापरलेल्या तेलात बिघडलेल्या घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं तर ते खाण्यासाठी वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं. तेल गडद झालं, फेस धरायला लागलं, नेहमीपेक्षा लवकर धूर सोडायला लागलं की टाकून द्या. एकदाच तळलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला वापरलेलं चालतं.

स्टेशनबाहेरचा वडापाव, तर्रीची मिसळ, शेजवान राइस हे कायमचं सोडायला सांगून कोणी सोडत नाही. आठवड्याला दोन वेळा ठरवा. मिसळीत वरची तर्री वेगळ्या वाटीत मागा आणि चमच्याने लागेल तेवढीच घ्या. फरसाणाची पिशवी टेबलावर उघडी न ठेवणं हा एकच बदल अनेक ऑफिसांत पुरेसा ठरेल.

कोणती चरबी, हा प्रश्न प्रमाणाइतकाच मोठा

पाम तेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारी) असते, खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के. बाहेरची बिस्किटं, खारी, स्वस्त नमकीन यांच्या पाकिटावर पामोलिन लिहिलेलं सापडेल. पाकीट मागे फिरवून वाचा. कारखान्यात घट्ट केलेल्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे ती भीती पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, पण संपृक्त चरबी तशीच राहते. घरी शेंगदाणा, मोहरी, सोयाबीन, राइसब्रान यांपैकी दोन तेलं आलटून पालटून वापरा. मोहरी आणि सोयाबीनमध्ये ओमेगा ३ (माशांत आणि जवसात असणारी चांगली चरबी) थोडं असतं, ते शेंगदाणा आणि सूर्यफुलात जवळपास नसतं.

मासे खाणाऱ्यांना ठाण्या-नवी मुंबईत खाडीकाठ लाभलेला आहे. दिवाळे, चेंदणी कोळीवाडा किंवा जवळच्या बाजारातून बांगडा, तारली आणा. ओमेगा ३ या तेलकट माशांत भरपूर असतं. पापलेट आणि बोंबलापेक्षा त्यांचा उपयोग या कामासाठी जास्त, आणि खिशालाही ते हलके. आठवड्यातून दोनदा पुरे. रव्यात घोळवून तेलात बुडवलेला बांगडा केला तर हिशेब पुन्हा बिघडतो. कालवण करा, किंवा हळद, मीठ, कोकम लावून बिडाच्या तव्यावर एक चमचा तेलात, झाकण ठेवून मंद आचेवर भाजा. बांगड्याची स्वतःची चरबी सुटते, वरून तेल लागतच नाही.

शाकाहारी घरात जवस. अख्खं जवस पोटातून तसंच बाहेर पडतं, म्हणून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, गार करून, जाडसर कुटायचं. लसूण, लाल मिरची, मीठ घालून चटणी करा आणि रोज एक ते दोन चमचे जेवणात घ्या. कुटलेलं जवस खवट लवकर होतं; हवाबंद बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा, पंधरा दिवसांपुरतंच करा. जवसातल्या ओमेगा ३चा थोडाच भाग शरीर माशातल्या प्रकारात बदलू शकतं, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको.

महागड्या ओमेगा ३ कॅप्सूलबद्दल स्पष्ट सांगायला हवं. २०१८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा ३ दिलं. ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त फायदा झाला नाही. तो पैसा माशांवर आणि भाजीवर खर्च करा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर अशा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

तेल शून्यावर आणू नका

जिद्दीने सुरुवात करणारे इथे चुकतात. जीवनसत्त्व अ चरबीत विरघळतं, आणि जेवणात थोडी चरबी नसेल तर ते अंगी लागत नाही. ते कमी पडलं की डोळ्याला बुळबुळीत थर देणाऱ्या पेशी मरतात, पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके येतात, रातांधळेपणा येतो. भारतात १९७०पासून लहान मुलांना जीवनसत्त्व अचे डोस दिले जातात ते याचसाठी. लाल माठ, शेवग्याचा पाला, अळू, गाजर, लाल भोपळा यांतलं काही तरी रोज हवं, आणि त्याला चमचाभर तेलाची फोडणीही हवी. उकडलेली पालेभाजी बिनतेलाची खाणं डोळ्यांच्या दृष्टीने तोट्याचं.

पापणीचा शेक

आहाराचा परिणाम दिसायला महिने लागतात. शेकाचा दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो. साचलेलं घट्ट तेल वितळवण्यासाठी पापणीला ४० ते ४५ अंशांची ऊब ५ ते १० मिनिटं सलग मिळायला हवी. बहुतेकांचा शेक फुकट जातो, कारण ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो आणि ते तसाच ठेवून पडून राहतात.

एका पातेल्यात एक लोटी उकळतं पाणी आणि अडीच लोट्या नळाचं साधं पाणी मिसळा. हे साधारण ४७-४८ अंशांवर येतं. रुमाल पिळून डोळ्यापर्यंत नेईतो हवं तेवढं उतरतं. पातेल्यावर झाकण ठेवा. दोन स्वच्छ सुती रुमाल घ्या. एक पिळून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावा. सुखद गरम वाटला पाहिजे, चटका नको. मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा, दीड-दोन मिनिटांनी दुसरा. असे पाच-सहा फेरे. चटका बसत असताना “सहन करू” म्हणू नका, पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ त्वचा आहे.

शेक संपताच, पापणी ऊबदार असतानाच, स्वच्छ बोटाने मालीश करा. वरची पापणी वरून खाली, खालची पापणी खालून वर, म्हणजे दोन्ही वेळा केसांच्या दिशेने. दाब हलका, बुबुळावर जोर नाही. प्रत्येक पापणीवर पाच-सहा वेळा. मग उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने काठ आडवा पुसा, दर डोळ्याला वेगळा कापूस. रोज एकदा, निदान सहा आठवडे. त्रास जास्त असेल तर दोनदा. डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा डोळा लाल आणि दुखरा असेल तर शेक आणि मालीश डॉक्टरांना विचारून.

एकाच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी येणं किंवा पापणीत न दुखणारी गाठ राहणं हीसुद्धा तुंबलेल्या तेलग्रंथीची खूण आहे. गाठ फोडायला जाऊ नका.

ऑफिस, दुचाकी, पावसाळा

एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा मिटणारी पापणी स्क्रीनसमोर पाच-सात वेळाच मिटते, आणि तीही अर्धवट. अर्धवट मिटण्याने पापणीतलं तेल बाहेर पिळलं जात नाही. दर वीस मिनिटांनी दहा वेळा सावकाश, पापण्या एकमेकींना टेकतील अशा मिटा. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदला किंवा झोताची दिशा बदला. जूनपासून बाहेरची हवा दमट असते तेव्हा घरी बरं वाटतं आणि ऑफिसात मात्र त्रास तसाच राहतो, कारण आतली हवा कोरडीच. घोडबंदर रस्त्यावर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्यांनी हेल्मेटची काच खाली घ्यावी. वारा आणि धूळ दोन्ही अडतात.

थेंब, तपासण्या, आणि कधी थांबायचं नाही

कोरडेपणासाठीचे साधे थेंब, उदाहरणार्थ कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, दिवसातून तीन-चार वेळा घालता येतात. त्याहून जास्त वेळा लागत असतील तर टिकाऊद्रव्य (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले घ्या, कारण ते द्रव्यच बुबुळाला बोचायला लागतं. एका वेळी एकच थेंब. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, उरलेलं गालावर येतं. लाली घालवणारे थेंब आणि दुकानदाराने सुचवलेले स्टिरॉइडचे थेंब नकोत; स्टिरॉइडने काचबिंदू होऊ शकतो. तूप, मध, गुलाबपाणी, एरंडेल यांपैकी काहीही घरच्या घरी डोळ्यात घालू नका. ते निर्जंतुक नसतं.

सर्दीच्या गोळ्या आणि मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन यांनीही डोळे कोरडे पडतात. आहारावर खापर फोडण्याआधी चालू औषधांची यादी तपासा. तोंडही सारखं कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर ते आवर्जून सांगा. संधिवाताच्या कुळातला एक विकार अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी दोन्हींवर हल्ला करतो.

रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्या: ९ ते १२ तास उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर). ट्रायग्लिसराइड १५०च्या खाली, एचबीएवनसी ५.७च्या खाली असावं. ट्रायग्लिसराइड ५००च्या वर आलं तर डोळ्यांचं नंतर बघू, आधी फिजिशियनकडे जा, स्वादुपिंडाला धोका असतो. मधुमेह निघाला तर बाहुली मोठी करून पडदा वर्षातून एकदा तपासलाच पाहिजे.

नेत्रतज्ज्ञांकडे जाताना दोन तास आधी थेंब घालू नका आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, नाहीतर मोजमाप चुकतं. ते पिवळा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहतील. दहाच्या आत फाटला तर बिघाड. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती ओली होते ते मोजतात. ५ मिलिमीटरच्या आत राहिली तर पाणीच कमी आहे, आणि तिथे नुसता शेक पुरणार नाही. पापणी दाबून तेल कसं येतं तेही दाखवायला सांगा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयातही दाखवता येईल. खाजगीतच जायला हवं असं नाही.

अचानक कमी दिसणं, उजेड सहन न होणं, तीव्र वेदना, बुबुळावर पांढरा डाग, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. शेक नाही, थेंब नाही, उद्यावर नाही.

बाकीच्यांनी सहा आठवड्यांनी सेकंद मोजण्याची तीच चाचणी त्याच वेळी, पंखा बंद करून पुन्हा करावी, आणि रक्ताच्या तपासण्या तीन महिन्यांनी. पहिल्या आठवड्याचा कागद फेकू नका, डॉक्टरांकडे जाताना तो सोबत न्या.